तयार सेक्शन लावून दुकानाची वेबसाइट: कोडिंग न येणाऱ्या सोलापूरकरांसाठी

तयार सेक्शन एकाखाली एक लावून वेबसाइट उभी करायला अर्धा दिवस पुरतो. पण ती गिऱ्हाइकाच्या कामाची व्हायची तर त्याच सेक्शनमधलं निम्मं सामान उपटून फेकावं लागतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ‘बटण दाबा, साइट तयार’ इथे सगळे व्हिडिओ संपतात. पुढे त्या साइटवर ‘आमचे समाधानी ग्राहक’ या मथळ्याखाली कुणा परदेशी बाईचा हसरा फोटो वर्षभर तसाच लटकत राहतो.

उदाहरणासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक छोटा चादर-टॉवेलचा कारखाना धरू. थोडी किरकोळ विक्री, बाकी माल बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना. जुळे सोलापुरात घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या ताईंनाही हीच रीत चालेल, दोन-तीन सेक्शन तेवढे बदलतील.

सेक्शन म्हणजे पानावरचा एक आडवा पट्टा: वरचा मोठा फोटो आणि मथळा, मालाचे तीन चौकोन, फोटोंची गॅलरी, पत्ता-फोनचा भाग. वर्डप्रेस या साइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये याला पॅटर्न म्हणतात. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून ते एडिटरमध्येच, म्हणजे पान लिहायच्या खिडकीतच मिळतात. एलिमेंटर, विक्स, गूगल साइट्स या साइट बनवायच्या इतर साधनांकडेही असले पट्टे आहेत, नावं वेगळी. जॅकार्ड मागावर कार्डांचा संच बदलला की नक्षी बदलते, माग तोच राहतो. इथेही रचना कुणीतरी आधी करून ठेवलेली असते, सूत मात्र तुम्हालाच घालायचं असतं.

आधी वही

कॉम्प्युटर उघडायच्या आधी आठवडाभर दुकानाच्या फोनशेजारी एक वही ठेवा. येणारा प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा लिहून काढा. ‘डबलबेडची साइज काय?’ ‘रंग जातो का?’ ‘डझनाचा भाव काय?’ ‘हुबळीला पार्सल येईल का?’ ‘कारखान्यात येऊन माल बघता येईल का?’ ‘जीएसटीचं बिल मिळेल ना?’

हीच तुमची सेक्शनची यादी. साइज आणि भाव विचारतात, म्हणून मालाचे चौकोन. रंग, धुलाई, पार्सल विचारतात, म्हणून प्रश्नोत्तरांचा पट्टा. यायचं कसं ते विचारतात, म्हणून पत्ता. ‘तुमचं ध्येय काय आणि दृष्टी काय’ असं फोनवर कुणीही विचारत नाही, त्यामुळे ते दोन पट्टे कितीही देखणे असले तरी घेऊ नका.

मग प्रत्येक सेक्शनचा मजकूर वहीतच पूर्ण लिहा. हे टाळून थेट एडिटरमध्ये गेलात तर रिकामी जागा दिसते तेवढं लिहिलं जातं. तीन चौकोन दिसले की तिसऱ्यासाठी काहीतरी ओढूनताणून सुचवलं जातं, आणि ‘उत्तम दर्जा, वाजवी दर, तत्पर सेवा’ जन्माला येतं.

साइट कुठे उभी करायची

एकच पान हवं, पैसे घालायचे नाहीत, तर गूगल साइट्स. फुकट आहे, जीमेल खातं पुरतं, उजवीकडच्या ‘इन्सर्ट’मध्ये तयार मांडण्या मिळतात. सेक्शनची निवड फार थोडी, पण चटणीच्या घरगुती धंद्याला सुरुवातीला तेवढं बास.

विक्स वापरायला सोपं आहे, सेक्शनही भरपूर. फुकटच्या योजनेत तुमच्या पानावर त्यांची जाहिरात दिसते आणि पत्ताही त्यांच्या नावाखालचा असतो. मला त्याहून मोठी अडचण वाटते ती अशी, की तिथे उभी केलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, नेता येत नाही. चार वर्षांनी योजना महाग वाटली तर सगळं नव्याने.

कारखान्यासाठी मी स्वतःचं डोमेन (म्हणजे साइटचा नावाचा पत्ता), साधं होस्टिंग आणि त्यावर वर्डप्रेस असंच सुचवेन. बहुतेक होस्टिंगवाले एका बटणात वर्डप्रेस बसवून देतात. एक काळजी मात्र घ्या: डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्याच फोन नंबरवर घ्या. पाहुण्यातला इंजिनिअरिंगचा मुलगा हौसेने आपल्या ईमेलवर घेऊन देतो, मग नोकरीला पुण्याला जातो, आणि नूतनीकरणाची आठवण त्याच्या न उघडलेल्या मेलमध्ये पडून राहते.

थीम, म्हणजे साइटचा तयार पेहराव, म्हणून वर्डप्रेससोबत येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह घ्या. तिच्यात भरपूर पॅटर्न आधीच आहेत. ‘पाचशे सेक्शन एकत्र’ असली प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायची सॉफ्टवेअर, लगेच बसवू नका. त्यातले बरेचसे पट्टे त्या प्लगइनच्या खास ब्लॉकमधून (मजकूर, चित्र, बटण असे सुटे तुकडे म्हणजे ब्लॉक) बनलेले असतात. उद्या प्लगइन काढलं तर पट्टे मोडतात. वर्डप्रेसच्या मूळ ब्लॉकमधला पॅटर्न कुठेही जात नाही. आणि टेलिग्रामवर फुकट फिरणाऱ्या विकतच्या थीमच्या चोरट्या प्रती हातात घेऊ नका, त्यात साइट हॅक करणारा कोड लपवलेला असू शकतो.

सेक्शन पानावर आणायचा

वर्डप्रेसच्या डावीकडच्या मेन्यूतल्या ‘पेजेस’मध्ये जाऊन नवं पान घ्या. वर डाव्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह आहे, ते दाबलं की ब्लॉक, पॅटर्न आणि मीडिया असे भाग दिसतात. पॅटर्नमध्ये प्रकार आहेत: बॅनर, गॅलरी, संपर्क वगैरे. हव्या त्या चित्रावर क्लिक केलं की पट्टा पानावर उतरतो.

तिथलं काही पसंत पडलं नाही तर वर्डप्रेस डॉट ऑर्गवर पॅटर्नची खुली डिरेक्टरी आहे. हवा तो पॅटर्न उघडायचा, ‘कॉपी’ दाबायचं, आपल्या पानावर येऊन पेस्ट करायचं.

उतरलेला पट्टा ही आता तुमची स्वतंत्र प्रत असते. काहीही मोडा, मूळ तसंच राहतं. म्हणून ‘कच्चं’ नावाचं एक पान ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रकाशित न करता ठेवा आणि पट्टे आधी तिथे उतरवून पाहा. पसंत पडला तोच मुख्य पानावर.

नवख्याचा हात हमखास अडकतो तो निवडण्यात. फोटोवर क्लिक करावं तर मागचा डबा निवडला जातो, डबा हलवावा तर फक्त मथळा हलतो. त्यावर उपाय म्हणजे ‘लिस्ट व्ह्यू’, वरच्या पट्टीतलं आडव्या रेघांचं चिन्ह. पानावरचा प्रत्येक ब्लॉक तिथे उतरंडीने दिसतो: ग्रुप, त्याच्या पोटात कॉलम, त्यांच्या पोटात चित्र आणि मजकूर. अख्खा पट्टा उडवायचा किंवा वर-खाली करायचा तर सगळ्यात बाहेरचा ग्रुप या यादीतून निवडा. हे एवढं जमलं की बाकीचं आपोआप येतं.

पहिला पट्टा

पान उघडल्यावर दिसतो तो. यात तीन गोष्टी लागतात: तुम्ही काय बनवता, कुठे बनवता आणि पुढे काय करायचं. ‘सोलापुरी चादरी आणि टेरी टॉवेल, थेट कारखान्यातून’ हा मथळा. खाली एक ओळ: ‘अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. किरकोळ आणि ठोक.’ त्याखाली एक बटण.

बटण एकच ठेवा. तयार पॅटर्नमध्ये बहुधा दोन असतात आणि दुसऱ्यावर ‘अधिक जाणून घ्या’ असतं, ते काढा. पहिल्यावर ‘भाव विचारा’ लिहा आणि लिंक व्हॉट्सॲपची द्या: डब्ल्यूए डॉट मी हा पत्ता इंग्रजी अक्षरांत, मग तिरकी रेघ, मग ९१ जोडून तुमचा नंबर, तोही इंग्रजी आकड्यांत. मध्ये अधिकचं चिन्ह, नंबराआधी लावतात ते शून्य, डॅश किंवा मोकळी जागा काही नको. संपर्काचा फॉर्म मी मुद्दाम सुचवत नाही. साध्या होस्टिंगवरून जाणारे फॉर्मचे मेल बरेचदा स्पॅममध्ये पडतात, आणि गिऱ्हाइकाला तर व्हॉट्सॲपच सोयीचं.

पॅटर्न निवडताना चादरवाल्यांनी एक पथ्य पाळा. मागे मोठा फोटो आणि त्यावर पांढरी अक्षरं हा प्रकार सगळ्यात लोकप्रिय आहे, पण आपल्या चादरीची नक्षी दाट असते. तिच्यावर अक्षरं ठेवली की ना मजकूर वाचता येतो ना नक्षी दिसते. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला मजकूर असा पॅटर्न घ्या. मागेच फोटो हवा असेल तर मागाचा किंवा कारखान्याचा घ्या आणि ‘ओव्हरले’, म्हणजे फोटोवरचा रंगाचा थर, वाढवून तो गडद करा.

मालाचे चौकोन आणि त्यातले फोटो

साइटचं खरं काम इथे होतं, तेव्हा वेळ इथेच घालवा.

तीन कॉलमचा पॅटर्न घ्या. प्रत्येक चौकोनात फोटो, नाव, इंचात लांबी-रुंदी, वजन, किंमत. किरकोळ भाव बिनधास्त लिहा, न लिहिला तर लोक महाग समजून पुढे जातात. ठोकीचा भाव सुताप्रमाणे हलतो, तिथे ‘कमीत कमी अमुक डझन, आजचा भाव फोनवर’ एवढं पुरे. सहा प्रकार असतील तर तो तीनचा पट्टाच डुप्लिकेट करून खाली आणखी एक ओळ करा. चारच असतील तर तीन अधिक एक असं लंगडं दिसेल, त्यापेक्षा दोन-दोनच्या ओळी घ्या.

फोटो फोनवरचेच चालतात. सकाळी, सावलीत, पण उघड्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली गडद लाल चादर विटकरी दिसते, आणि मग ‘फोटोत रंग वेगळा होता’ म्हणून माल परत येतो. प्रत्येक चादरीचे तीन फोटो लागतील: पलंगावर पूर्ण पसरलेली, घडी घातलेली, आणि कोपरा जवळून, ज्यात वीण दिसेल. साइजचा अंदाज पलंगावरच्या फोटोतूनच येतो.

सगळे फोटो एकाच मापात कापा, चौरस तर सगळे चौरस. एक उभा आणि दोन आडवे घातले की तीन चौकोनांची तळरेघ वर-खाली होते आणि महागडी थीमसुद्धा गावठी दिसते. कापल्यावर आकार कमी करा. फोनचा फोटो कित्येक एमबींचा असतो; साइटला रुंदी १,६०० पिक्सेल भरपूर. स्क्वूश नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं, त्यात वेबपी हा प्रकार निवडून सेव्ह करा. वर्डप्रेस ५.८ पासून वेबपी घेतं. चढवल्यावर ‘ऑल्टरनेटिव्ह टेक्स्ट’च्या चौकटीत दोन शब्द लिहा: ‘लाल डबलबेड सोलापुरी चादर’. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तेच वाचतो आणि गूगललाही फोटो त्यावरून कळतो.

पॅटर्नमधला नमुन्याचा फोटो डिलीट करू नका, त्याने मांडणी हलते. फोटोवर क्लिक करून ‘रिप्लेस’ दाबा, जागा तशीच राहते.

काय उपटून टाकायचं

‘५०० + समाधानी ग्राहक’ असे धावते आकडे. मोजले नसतील तर काढा. अभिप्रायांचा पट्टा: खरे अभिप्राय हातात असतील आणि त्या माणसाची परवानगी असेल तरच ठेवा. आमची टीम, आमचे भागीदार, बातमीपत्राला नाव नोंदवा, हे सगळं जाऊ द्या. फूटरमधली, म्हणजे पानाच्या तळाची, फेसबुक-एक्स-इन्स्टाची चिन्हंसुद्धा, खाती नसतील तर. ती दाबली की कुठेच न जाणारी चिन्हं पाहून माणूस बाकीच्या माहितीवरही शंका घेतो.

‘आमच्याविषयी’चा पट्टा लहान ठेवा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि ते लिहायचा मोह प्रत्येकाला होतो. पण १९९९ च्या कायद्याप्रमाणे मानांकनाचा वापर नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच करता येतो. तुमची तशी नोंद असेल तर चिन्ह लावा, नसेल तर मानांकनाचा पट्टा करू नका. खाद्यपदार्थवाल्यांनी याच जागी एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक द्यावा.

मराठी घातली की काय बिघडतं

जवळजवळ सगळे पॅटर्न रोमन अक्षरांवर बेतलेले असतात. त्यात देवनागरी ओतली की बिघाड ठरलेल्या जागी होतो.

पहिला, अक्षरांतलं अंतर. मथळा भारदस्त दिसावा म्हणून कित्येक पॅटर्न ‘लेटर स्पेसिंग’ वाढवून ठेवतात. त्याने आपली शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मथळा निवडा, उजवीकडे ‘टायपोग्राफी’त जाऊन हे अंतर शून्य करा.

दुसरा, ओळींमधलं अंतर. मोठ्या मथळ्यांची ‘लाइन हाइट’ बरेचदा १ ते १.२ असते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. मथळ्याला १.३५ आणि मजकुराला १.६ ते १.७ ठेवा.

तिसरा, फॉन्ट. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर प्रत्येक फोन आपापला फॉन्ट लावतो आणि साइट प्रत्येकाला वेगळी दिसते. वर्डप्रेस ६.५ पासून फॉन्ट लायब्ररी आहे: साइट एडिटर, स्टाइल्स, टायपोग्राफी, तिथून गूगल फॉन्ट बसवता येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ घ्या. साधं आणि ठळक अशी दोनच वजनं बसवा, नाहीतर पान जड होतं. तिरकी अक्षरं टाळा, देवनागरीत ती मोडक्यासारखी दिसतात.

चौथा, लांबी. इंग्रजीतला दोन शब्दांचा मथळा मराठीत सहज पाचावर जातो आणि अरुंद कॉलममध्ये चार ओळी होतात. अक्षर बारीक करण्यापेक्षा वाक्य कापा. ‘आमच्या उत्पादनांची संपूर्ण श्रेणी पाहा’च्या जागी ‘माल बघा’ म्हटलं तर काय बिघडतं?

फोन नंबर आणि किंमत इंग्रजी आकड्यांत ठेवा. लोक नंबर कॉपी करून डायलरमध्ये टाकतात, तिथे देवनागरी आकडे अडतात. आणि आपल्याकडे बरेच व्यापारी कर्नाटक-तेलंगणातले. त्यांच्यासाठी आपोआप भाषांतर करणारं प्लगइन न लावता मालाचं एक वेगळं हिंदी किंवा इंग्रजी पान हाताने लिहा. प्लगइन चादरीच्या वर्णनाचं काय करेल ते सांगता येत नाही.

एकदा बदललं की सगळीकडे बदलणारी पट्टी

फोन, वेळ, पत्ता असा एक बारका पट्टा सगळ्या पानांवर लागतो. तो तयार करून बाहेरचा ग्रुप निवडा, तीन टिंबांच्या मेन्यूतून ‘क्रिएट पॅटर्न’ घ्या आणि ‘सिंक्ड’ चालू ठेवा. मग एका जागी केलेला बदल सगळ्या पानांवर उतरतो. जुन्या आवृत्त्यांत यालाच रियुजेबल ब्लॉक म्हणत, २०२३ च्या ६.३ पासून नाव बदललं. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला गड्डा यात्रेसाठी कारखाना बंद असतो, तेव्हा याच पट्टीत ‘यात्रेनिमित्त अमुक तारखेपर्यंत सुट्टी, पार्सल त्यानंतर’ ही ओळ टाकायची आणि सुट्टी संपली की काढायची. मालाच्या चौकोनांना मात्र सिंक लावू नका, एका चादरीची किंमत बदलायला जाल आणि दुसऱ्या पानावरही बदलून बसेल.

मोबाइलवर

एडिटरमधला मोबाइल प्रीव्ह्यू अंदाजापुरता. खरी तपासणी स्वस्तातल्या फोनवर, वायफाय बंद करून. तीन कॉलम एकाखाली एक आले पाहिजेत; येत नसतील तर कॉलम ब्लॉकच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅक ऑन मोबाइल’ चालू करा. फोटो-मजकुराच्या जोड्या आलटून पालटून डावी-उजवीकडे ठेवल्या असतील तर फोनवर दोन फोटो लागोपाठ आणि दोन मजकूर लागोपाठ येऊ शकतात, म्हणून सगळ्या जोड्यांत फोटो एकाच बाजूला ठेवा. पॅटर्नमधली मोठी मोकळी जागा, म्हणजे ‘पॅडिंग’, फोनवर नुसतं अंगठ्याचं काम वाढवते. ती निम्मी करा.

नकाशा पानात घालण्यापेक्षा ‘रस्ता दाखवा’ असं बटण द्या आणि गूगल मॅपवरून घेतलेली लिंक जोडा. पान हलकं राहतं आणि नकाशा थेट ॲपमध्ये उघडतो.

लोकांना दाखवण्याआधी

‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’मध्ये साइटची भाषा मराठी करा. ॲडमिनचे मेन्यूही मराठी होतील. ते अवघड वाटले तर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये भाषा इंग्रजी ठेवता येते. ‘रीडिंग’मध्ये तुमचं पान मुख्य पान म्हणून निवडा, आणि सर्च इंजिनांना दूर ठेवणाऱ्या चौकोनात बरोबरची खूण नाही ना ते बघा. वर्डप्रेससोबत आलेलं ‘हॅलो वर्ल्ड’ आणि नमुना पान उडवा.

पानाचा पत्ता, म्हणजे ‘स्लग’, आपल्या हाताने रोमन अक्षरांत लिहा. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस मराठीच पत्ता बनवतं, आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची हातभर लांब माळ होते. व्यापारी तिला फसवणुकीची लिंक समजून दाबतच नाही. प्रकाशित केल्यानंतर पत्ता बदलू नका, आधी पाठवलेल्या लिंक मोडू शकतात.

मग फोन घरातल्या न शिकवलेल्या माणसाच्या हातात द्या आणि डबलबेड चादरीचा भाव शोधायला सांगा. तुम्ही गप्प बसा. तो जिथे थांबेल तो पट्टा दुरुस्त करा. शेवटी गूगलवरच्या तुमच्या व्यवसायाच्या नोंदीत वेबसाइटचा पत्ता टाका. पाटी, बिलबुक आणि पार्सलच्या पिशवीवर छापायचा तो त्यानंतर.